आणखी एक खुर्ची



'आता या वयात काय शिकायचं?' असं आपण किती सहज म्हणून जातो. आज अमेरिकेतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांचं नाव टोमिका रीड. त्या चेलो वाजवतात, स्वतः संगीतरचना करतात आणि इतर वादकांसाठी महोत्सवही भरवतात.

चेलो म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीणच म्हणा ना. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं चार तारांचं वाद्य. आवाज खर्जातला, भरदार. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात त्याची जागा ठरलेली आहे. तिथे काय वाजवायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. जॅझचं तसं नाही. आपले गायक बंदिश धरून राग फुलवतात, तसं तिथे वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. पण जॅझ म्हटलं की ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो. चेलो तिथे क्वचितच.

टोमिकाताईंचा जन्म १९७७ चा. पुढे शिक्षणासाठी त्या शिकागोला आल्या. तिथे बासरीवादक निकोल मिचेल यांनी त्यांना आपल्या वाद्यवृंदात घेतलं. आधी वाट चाललेल्या बाईने मागून येणारीचा हात धरला, तो असा. कृष्णवर्णीय संगीतकारांनी १९६५ मध्ये शिकागोत उभारलेल्या संस्थेतही त्या सामील झाल्या. आपलं संगीत आपणच रचायचं, हा त्या संस्थेचा बाणा.

पण नुसत्या कार्यक्रमांवर घर चालतं का? टोमिकाताईंनी कित्येक वर्षं शाळेत मुलांना वाद्यवृंद शिकवला. नोकरी सांभाळून वादन, रचना, अभ्यास. स्वतःच्या चौकडीचा पहिला अल्बम आला २०१५ मध्ये, म्हणजे अडतिशीच्या आसपास. संगीतातली डॉक्टरेट मिळाली २०१७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर!

मला सगळ्यात भावलं ते मात्र वेगळंच. अल्बम यायच्याही आधी, २०१३ मध्ये, त्यांनी शिकागोत जॅझ वाजवणाऱ्या तंतुवादकांचा महोत्सव सुरू केला. व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणाऱ्यांना हक्काचं व्यासपीठ मिळालं. स्वतःचं बस्तान पुरतं बसलेलं नसताना त्यांनी दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या.

२०२२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलर. यासाठी अर्ज करता येत नाही, निवड करणारेच शोधत येतात.

प्रत्येकीच्या दारात असं कुणी येईलच, असं मी म्हणणार नाही. पण माळ्यावरची पेटी खाली काढायला कोणाची वाट बघायची? या आठवड्यात रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा. आणि शेजारची एखादी 'मलाही येऊ का?' म्हणाली, तर तिच्यासाठी एक खुर्ची सरकवा.

येते मी. नमस्कार!