तबकडीवर न आलेली नावे



पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर धरणारी लाख आपल्या झाडीपट्टीला नवी नाही. ग्रामोफोनची जुनी काळी तबकडी याच लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून करीत असत. मिनिटाला 78 फेरे, आणि एका बाजूस जेमतेम 3 मिनिटांचे गाणे! गाणे ऐकले की आपण विचारतो, गायले कोणी? पण मधेच तो पितळी ट्रम्पेट ललकारून जातो, तो वाजवला कोणी, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी दोन शब्द सांगायचे आहेत.

नावाचा हा घोळ पहिल्यापासूनचा. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगत. तबकड्या परदेशात तयार होत. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, एवढाच हेतू. मागे सारंगी-तबला वाजवणाऱ्यांना ती सोय नव्हती. पुढे गाणाऱ्यांचीही नावे गेली. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे तर चित्रपटातल्या पात्राचे नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. गायिकेची ही गत, मग वादकाला कोण पुसतो?

आता मुंबईच्या डान्स बँडांकडे वळू. 1930 नंतर ताजमहाल हॉटेलात आणि इतरत्र पाश्चात्त्य नाचांसाठी बँड वाजत. त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवीत. हीच मंडळी पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आली, कारण लिहिलेले संगीत समोर ठेवताच वाजवणारी माणसे तिथे हवी होती. हळदोण्याचे आंतोनिओ शाव्हिएर वाझ हे त्यांपैकी एक. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 1951 च्या ‘अलबेला’त त्यांचा मोठा हात होता. 1967 साली ते वारले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या एका चित्रपटगीतामुळे त्यांचे नाव घरोघर गेले; पण ते खऱ्या माणसाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

मग हे वादक ओळखायचे कसे? बघा, वाटा चार आहेत. पहिली वाट तबकडीची. लेबलाच्या कडेशी, गुळगुळीत भागात, एक क्रमांक उमटलेला असतो. तो ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. लागोपाठचे क्रमांक जुळवले की एका बैठकीत काय काय वाजले याचा अदमास लागतो. दुसरी वाट कागदांची : हॉटेलांच्या जाहिराती, मानधनाच्या वह्या, छायाचित्रे. तिसरी वाट कानाची. हार्मोनियमवर बोट पडताच गावातला पेटीवाला आपण ओळखतो, तशी प्रत्येक वादकाची फुंक निराळी. चौथी वाट माणसांची. न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वृद्ध वादकांना भेटून, त्यांच्या तोंडून हकीकती मिळवून 2008 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत 1990 साली तबकड्या जमवणाऱ्यांची संस्थाही निघाली. नियम मात्र एकच : एका वाटेने आलेले नाव कच्चे समजावे. दोन वाटा एका ठिकाणी मिळाल्या तरच पक्के लिहावे; नाहीतर पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. चुकीचे नाव लिहिणे म्हणजे खऱ्या वादकाला दुसऱ्यांदा पुसून टाकणे होय.

आपण म्हणाल, पवनीच्या माणसाला याचे काय? 1969-70 साली इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे मिळाली. दोन हजार वर्षे ती टिकली, कारण कोणीतरी ती कोरली. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन कोणी धरला, दंडारीत ढोलकी कोणाची, लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट कोण वाजवी, हे कुठे कोरले आहे? ते म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण दरसाल थोडी थोडी विझते आहे.

गुरुजनांना म्हणून विनंती आहे. एक वही घाला. मुलांना सांगा, आजोबांजवळ बसा. घरातले बँडाचे किंवा नाटकमंडळीचे जुने छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवा. प्रत्येक माणसाचे नाव, गाव, वाद्य लिहा; कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेस, तेही लिहा. ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडा. दुसरे कोणी आजोबा ती भरतील. एवढे काम या उन्हाळ्यात झाले, तरी आपल्या गावचे पाच-दहा वादक पुन्हा नावाने ओळखले जातील.