तीन पायऱ्यांचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सगळ्यांनी पंचवीस वर्षांतल्या चांगल्या गोष्टी सांगितल्या. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपतीची वर्गणी, सगळं झालं. मी मात्र माझ्या सचिवपदाच्या काळातली एक चूक सांगणार आहे. ती आपल्याला बरीच महागात पडली, आणि त्याची झळ पैशापेक्षा एका घराला जास्त बसली.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण राहायला आलो तेव्हा लॉबीत शिरायला तीन पायऱ्या होत्या. सहा सहा इंचांच्या तीन, म्हणजे दीड फूट. ते आपल्या इमारतीचं जोतं. बिल्डरने ते उगाच ठेवलं नव्हतं. आजूबाजूच्या जमिनीपासून जोतं किमान 450 मिलिमीटर उंच असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे आपल्यासमोरचा रस्ता वाढत गेला. डांबरावर डांबर पडलं, मग काँक्रीट झालं. प्रत्येक वेळी रस्ता वर आणि आपलं कंपाउंड खाली. पावसाळ्यात फाटकातून पाणी आत यायचं, स्कूटर अर्ध्या बुडायच्या. सर्वसाधारण सभेत आवाज उठला, "कंपाउंड उंच करा." ठराव एकमताने झाला. जुन्या कोब्यावरच भराव, त्यावर ग्रिट आणि वर पेव्हर ब्लॉक. सगळं मिळून एक फूट चढलं. तीन पायऱ्यांची एकच पायरी उरली. मी तर खूश! म्हटलं, चला, ज्येष्ठांची चढउतार वाचली. ठेकेदाराला हार घालून फोटोही काढला. तो फोटो याच स्मरणिकेत आहे, बघा.

पण मंडळी, रस्ता उंच झाला, कंपाउंड उंच झालं, इमारत काही उंच झाली नाही.

इमारतीच्या मागे जमीन मुळातच अर्धा फूट चढ होती. तिथं जोतं एकच फूट दिसायचं. एक फूट भराव पडल्यावर तळमजल्यावरच्या काकूंच्या मागच्या खोलीतली फरशी आणि बाहेरचे ब्लॉक एका पातळीत आले. शिवाय ब्लॉकचा उतार कंपाउंडच्या भिंतीकडून इमारतीकडे. पावसाचं पाणी थेट काकूंच्या भिंतीला जाऊन टेकायचं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या भिंतीला ओल आली. दुसऱ्या वर्षी पोपडे सुटले, लोणा धरला. काकांच्या पेटीच्या भात्याला बुरशी आली. नातू सुट्टीत आला की त्याला त्या खोलीत झोपवेनात. काकूंनी कमिटीला चार पत्रं लिहिली. आम्ही उत्तर दिलं, "ही अंतर्गत गळती आहे, सभासदाने स्वखर्चाने दुरुस्ती करावी." त्या उत्तरांवर सही माझी आहे.

बिचाऱ्यांनी बाथरूम फोडून नवं केलं. आतून वॉटरप्रूफ रंग मारला. रंगाने ओल थांबली नाही, उलट दोन फुटांवरची तीन फुटांवर गेली. भिंतीतलं पाणी समोरून सुकायला वाट मिळेना, म्हणून ते वर चढलं.

शेवटी उलगडा केला तो स्कर्टिंग बसवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने. त्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं. एक टोक खोलीत धरलं, दुसरं खिडकीतून बाहेर काढलं. मला बोलावलं आणि म्हणाला, "साहेब, बघा. अंगण आणि घर एका लेव्हलला. भिंत पाणी पिणारच की!" मग त्याने ब्लॉकवर बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ भिंतीकडे गेलं आणि तिथंच जिरलं.

जोत्यावर ओल अडवणारा एक थर घातलेला असतो. जमिनीतला ओलावा वर चढू नये म्हणून. आपण मातीच त्या थराच्या वर नेली, तर ओलावा बाजूने, थराच्या डोक्यावरून भिंतीत शिरतो. मग खालचा थर असून नसल्यासारखा.

सगळं कंपाउंड उखडायला पैसे नव्हते. म्हणून आम्ही मागच्या भिंतीलगतची दीड फूट रुंद पट्टी तेवढी काढली. त्या थराच्या सहा इंच खालपर्यंत चर खणला. फुगलेला गिलावा आतून-बाहेरून झोडून काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. सगळे म्हणत होते, लगेच प्लास्टर मारा. गवंडी ऐकेना. दिवाळीनंतर उघडलेली भिंत एप्रिलमध्ये सुकली, मगच बाहेरून वॉटरप्रूफ गिलावा केला. चराच्या तळाला उताराचा कोबा करून तो मागच्या कोपऱ्यातल्या पावसाळी चेंबरला जोडला. वर उचलता येणारी लोखंडी जाळी टाकली, म्हणजे पालापाचोळा काढता येतो. उरलेले ब्लॉक दर पाच फुटांना एक इंच असा भिंतीपासून लांब उतार देऊन पुन्हा बसवले. आणि फाटकात छोटा उंचवटा व आडवी जाळीची गटार. खरं तर पाणी फाटकातून येत होतं, ते फाटकातच अडवायचं होतं! तेवढंच पहिल्यांदा केलं असतं तर हे रामायण झालंच नसतं.

पुढचा पावसाळा काकूंची भिंत कोरडी गेली. श्रावणात त्यांनी मला बोलावून भिंतीला हात लावायला सांगितलं. बाथरूमचा खर्च सोसायटीने त्यांना दिला, पण तीन पावसाळे कोण देणार? त्यांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही, म्हणूनच आज सर्वांसमोर सांगतो, काकू, ती चार उत्तरं चुकीची होती. मी तुमची माफी मागतो.

नव्या कमिटीला दोनच गोष्टी सांगतो. समोरचा रस्ता पुन्हा व्हायचा आहे, तेव्हा कुणीतरी म्हणेल, "अजून चार इंच चढवूया." त्या दिवशी आधी पायऱ्या मोजा. आणि तळमजल्यावरून पत्र आलं, तर उत्तर लिहिण्याआधी जिना उतरून भिंतीला हात लावून या.

मागची जाळी मे महिन्यात साफ करायची असते. यंदा अजून झालेली नाही, तेवढं बघा.