प्रबोधिनी मध्येच सोडणाऱ्या छात्राचे उत्तरदायित्व

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी उभी असलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या राज्यास भूषणभूत आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. २०२२ पासून मुलींनाही तिचे दार खुले झाले असून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून दीक्षान्त होऊन बाहेर पडली. एखाद्या गावचे मूल तेथे निवडले गेले की वेशीवर फलक लागतो, शाळेत सत्कार होतो. परंतु त्याच सुमारास पालकांपुढे स्वाक्षरीसाठी जो कागद येतो, त्याचा उल्लेख सत्काराच्या भाषणांत सहसा होत नाही. त्या कागदाविषयीच आज बोलावयाचे आहे.

खडकवासल्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते. त्यानंतर स्थलसेना, नौसेना वा वायुसेना यांच्या अकादमीत पुढील प्रशिक्षण घेऊन छात्र अधिकारीपदास पोहोचतो. या काळातील निवास, भोजन, गणवेश, पुस्तके, अध्यापन व वैद्यकीय उपचार यांचा खर्च शासन सोसते. पालकांना केवळ हातखर्च व किरकोळ खाजगी खर्च पाहावा लागतो. हा सारा खर्च जनतेच्या पैशातून होतो. म्हणूनच पालकांकडून असे लिहून घेतले जाते की, स्वतःच्या आवाक्यातील कारणास्तव छात्राने प्रशिक्षण अपुरे सोडले, अथवा देऊ केलेले अधिकारीपद नाकारले, तर झालेला खर्च संपूर्णतः किंवा शासन ठरवील तितक्या प्रमाणात परत करावा लागेल. प्रशिक्षणकाळात विवाह करणाऱ्या छात्रालाही काढून टाकले जाते व त्याच्यावरील खर्च वसूल होऊ शकतो. घाईने लग्न उरकण्याची रीत जेथे अद्याप टिकून आहे, तेथे ही अट आवर्जून सांगितली पाहिजे.

स्वाक्षरी पालकांची का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रवेशाच्या वेळी छात्राचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असते. म्हणजे अनेक छात्र अज्ञान असतात. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार अज्ञान व्यक्तीस करार करण्याची पात्रता नाही. निर्णय मुलाचा, परंतु दायित्व पित्याचे वा मातेचे, अशी ही परिस्थिती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरी तिचा भार किती मोठा होऊ शकतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

अन्य देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविलेला आढळतो. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत पहिल्या दोन वर्षांत छात्राने माघार घेतली, तर सामान्यतः त्याच्यावर सेवेचे बंधन येत नाही. तिसऱ्या वर्षाचे अध्ययन सुरू झाले की मात्र तो बांधला जातो. त्यानंतर तो बाहेर पडल्यास त्याला अधिकारी म्हणून नव्हे, तर सामान्य सैनिक म्हणून कमाल चार वर्षे सेवेस बोलाविता येते, किंवा शिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. तेथे मन पारखण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. आपल्याकडे माघार घेणाऱ्यास सक्तीने शिपाई केले जात नाही. पैशाचे दायित्व मात्र आहे. म्हणून आपल्याकडे मन पारखण्याचे काम प्रवेशापूर्वीच व्हावयास हवे.

या कामासाठी राज्यात साधने आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून, तर छत्रपती संभाजीनगर येथील सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून कार्यरत आहे. अशा ठिकाणी शिस्तीचे जीवन अनुभवलेल्या मुलाला आपला कल कळून येतो. जेथे ही सोय पोहोचत नाही, तेथे शिक्षकाने मुलाला एकांतात विचारावे: हे तुला हवे आहे, की वडिलांना? हा प्रश्न वेळीच विचारला गेला, तर पुढील पुष्कळ मनस्ताप टळेल.

आवाक्यातील व आवाक्याबाहेरील कारण यांतील भेदही ध्यानी घ्यावा. प्रशिक्षणात जायबंदी होऊन वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने घरी परतणारा छात्र हा पळून आलेला नव्हे. अशा छात्रांच्या हलाखीची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना त्यांना लागू केली. अशा कुटुंबापर्यंत ही माहिती पोहोचविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य होय. तसेच, अल्प उत्पन्न असलेल्या पालकांना छात्राच्या हातखर्चासाठी शासकीय साहाय्य मागता येते; निवड होताच तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रबोधिनीकडे जावयाचा असतो. तो टेबलावर पडून राहू नये, एवढी दक्षता अधिकाऱ्यांनी घ्यावी.

आणि इतके करूनही एखाद्याचे मन तेथे रमले नाही तर? तर त्याने ते लवकर सांगावे, कारण दिवस जातील तसा त्याच्यावरील खर्च वाढतच जाणार. गावाच्या हसण्याला भिऊन वर्षभर गप्प राहणाऱ्या मुलाचे मौन त्याच्या पालकांना महाग पडते. शिवाय, मनाविरुद्ध अधिकारी झालेल्या माणसाच्या हाती उद्या अनेक जवानांचे प्राण सोपविले जाणार असतात, हेही विसरून चालणार नाही.

‘सेवा परमो धर्मः’ हे प्रबोधिनीचे ब्रीदवाक्य आहे. सेवा ही स्वेच्छेनेच शोभते. बंधपत्र शासनाच्या खर्चाचे रक्षण करते. ते परतलेल्या मुलाच्या अप्रतिष्ठेचा दाखला नव्हे. देणे असेल ते नियमानुसार फेडले जाईल. परंतु त्या मुलाला पुन्हा महाविद्यालयाची वाट दाखविणे आणि त्याच्या आईबापांना चारचौघांत मान वर करून वावरू देणे, हे आपल्या हाती आहे. सत्काराला जमणाऱ्या गावाने त्या दिवशीही त्या घरी जावे, एवढीच माझी विनंती आहे.