सिरीयल नंबरखालचा ‘एच’

आज गाणं कमी आणि रडगाणं जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी दिवसा पुण्यात एका कंपनीत हिशेब बघतो आणि संध्याकाळी, वरच्या मजल्यावरचे आजोबा झोपेपर्यंत, ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. सात वर्षं झाली. वेड बाबांमुळे लागलं. ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ लागलं की ते म्हणायचे, “गाणं नंतर ऐक, आधी मनोहारी सिंगांचा सॅक्स ऐक.”

पहिली दोन वर्षं मी सगळा दोष रीडला दिला. रीड म्हणजे बोरूसारख्या एका जाड गवताची तासलेली पट्टी. पितळी असूनही सॅक्स बासरी-क्लॅरिनेटच्या घरातला मानतात, तो बराचसा या पट्टीमुळे. तिच्यावर नंबर असतो, दोन, अडीच, तीन. मला वाटलं, मोठा नंबर म्हणजे मोठा वादक! घेतले तीन. आठवडाभर नुसती फुसफुस आणि दुखणारे गाल. नंबर फक्त कडकपणाचा असतो हो. आणि दहाच्या डबीत मनासारखे निघतात तीन-चार. बाकीचे ठीकठाक, एखादा तर जन्मजात मुका.

त्यात आपला पावसाळा. ओला रीड तसाच माउथपीसवर ठेवला की त्याचं टोक पापडासारखं लाटा मारतं, वर काळे ठिपके येतात ते वेगळेच. आता मी चार रीडवर पेन्सिलीनं आकडे घालून पाळीपाळीनं वापरतो. वाजवून झालं की साध्या पाण्यानं धुवायचा, पुसायचा, सपाट डबीत ठेवायचा. एवढंच करायचं असतं, पण कळायला दोन वर्षं गेली.

मग माउथपीस. व्हिडिओ बघून धातूचा घेतला, टोकाशी चांगला उघडा. सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, “साहेब, गाडी रिव्हर्स घेताय का?” टोक जितकं उघडं तितका श्वास आणि ओठांवर ताबा जास्त लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. मग जुना एबोनाइटचा मिळवला, सुंदर, काळाभोर. आणि मी शहाण्यानं तो गरम पाण्यात धुतला! हिरवट-तपकिरी झाला आणि फटाक्याच्या दारूसारखा वास मारायला लागला. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला गरम पाणी आणि ऊन दोन्ही चालत नाही. वाजतो मात्र अजून छान. नाक मुठीत धरून वाजवतो.

आता खरी गोष्ट. मला विंटेजचं खूळ लागलं. 1920च्या दशकात अमेरिकेत सॅक्सची लाट होती आणि इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात कॉन, ब्यूशर यांसारखे कारखाने धडाधड सॅक्स बनवत होते. तसा एक ऑल्टो मला एका जाहिरातीत दिसला. चांदीचा मुलामा, घंटेवर कोरलेली वेलबुट्टी. किंमत बेचाळीस हजार. माझ्याकडे होते पंचवीस. उरलेले बाबांनी एफडी मोडून दिले. म्हणाले, “माझ्या एकसष्टीला त्याच्यावरच वाजव.” वर पॅड बदलायला चौदा हजार गेले. पॅड म्हणजे नमद्यावर कातडं चढवलेल्या गोल गाद्या, त्या वाळल्या की हवा गळते.

पहिल्या तालमीला कीबोर्डवाला मित्र थांबला. “अरे, तू कुठल्या पट्टीत आहेस?” म्हटलं, तुझ्याच. त्यानं एक पांढरी दाबली, मग शेजारची काळी. मी दोघींच्या मध्ये कुठेतरी! पुन्हा रीडला शिव्या. माउथपीस बाहेर ओढला की सूर उतरतो, म्हणून ओढला. तर डाव्या हाताचे वरचे सूर जुळले आणि खालचे चढेच राहिले. खालचे जुळवावेत तर वरचे पार कोसळले.

शेवटी लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी वाजवलाही नाही. उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला, सिरीयल नंबरखाली नख टेकवलं. तिथे एक छोटा ‘एच’ होता. मला तो मॉडेलचा वाटला होता.

“हा चढ्या सुराचा,” काका म्हणाले. “एकट्यानंच वाजव.”

त्या काळात सगळीकडे एकच स्वरमान नव्हतं. आज आपला ट्यूनर ‘ए’ म्हणजे 440 हर्ट्झ धरतो. 1939 साली लंडनच्या परिषदेत त्यावर आंतरराष्ट्रीय एकमत झालं. त्याआधी बरेच बँड चढं वाजवायचे, साधारण 457वर. म्हणून कारखाने दोन्ही बनवायचे, कमीला ‘एल’, चढ्याला ‘एच’. चढ्याची नळी थोडी आखूड आणि भोकं त्या हिशेबानं पाडलेली. माउथपीस ओढून नळी लांबते, भोकं कशी सरकणार? ऐका.

(आधी नवा सॅक्स, मग जुना. दोन्हींवर एकच सूर.)

आलं ना लक्षात? फरक पुऱ्या अर्ध्या सुराचाही नाही, म्हणून पट्टी बदलूनही भागत नाही. जुना घेणार असाल तर सिरीयल नंबरचा स्पष्ट फोटो मागा आणि हातात घेऊन ट्यूनरवर वरचे, मधले, खालचे सूर वाजवून बघा. शिक्का नसला तरी ट्यूनर सांगतो.

एकसष्टीला मी शिकाऊ सॅक्सच वाजवला. बाबांनी काही विचारलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. पुढच्याच आठवड्यात मी जुना विकायला काढला. एका कॉलेजच्या मुलाचा मेसेज आला, ‘दादा, चाळीसला देता का? एच म्हणजे काय?’ खरं सांगतो, मी ‘मॉडेल असावं’ असं टाइप केलं होतं. पाठवायच्या आधी हॉलमधून बाबांचा खोकला ऐकू आला. सगळं पुसलं आणि त्याला हेच सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, जे आत्ता तुम्ही ऐकलंत. ‘थँक्स दादा’ म्हणाला आणि गेला.

सॅक्स घरीच आहे. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये सूर बारीक सरकवता येतो, तो सॅक्सइतका चढवून घेतो आणि रोज वीस मिनिटं लांब सूर लावतो. तानपुऱ्याला काय, 440 आणि 457 सारखेच. काल बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “याचा आवाज भरदार आहे रे.” मी म्हटलं, “एफडीचा आहे.”

हसले. मग म्हणाले, “वाजव, थांबू नकोस. वरचे आजोबा अजून जागे आहेत.”