मस्टरवर प्रत्येक पानाचे नाव हवे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत उमेद घालवलेली माणसं. गिरणीच्या गेटावर पाटी एकच, पण आत कताईचं मस्टर वेगळं, विणाईचं वेगळं. मस्टरवर नाव नसलं, तर दिवसभर राबूनही हजेरी लागत नाही. आपल्या विहाराच्या वेबसाईटचं तसंच झालं होतं.

पोरांनी मेहनतीनं वेबसाईट केली. तिच्यात अभ्यासिका, वाचनालय, वधू-वर नोंदणी आणि शिष्यवृत्ती अशी चार पानं. पण डिरेक्टरीत आम्ही नोंद केली ती फक्त पहिल्या पानाची. पलीकडच्या चाळीतली एक मुलगी दहावीला अभ्यासाची जागा शोधत होती. तिला विहाराचं नाव दिसलं, अभ्यासिका दिसली नाही. परीक्षा झाल्यावर तिच्या आईनं सांगितलं, तेव्हा आमची मान खाली गेली. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठी. पण ग्रंथ कपाटात असून भागत नाही, तो गरजूच्या हाती लागला पाहिजे.

हा प्रश्न जुना आहे. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी वेबसाईटींची विषयवार यादी केली, तिचीच पुढे 'याहू' झाली. आपल्या मुंबईत राजेश जैन यांच्या 'इंडियावर्ल्ड'ने 'खोज' काढली. १९९८ साली निघालेली 'डीमॉज' ही यादी स्वयंसेवक सांभाळीत, तिच्यात मराठीचाही विभाग होता. तिथं एका वेबसाईटची सहसा एकच नोंद घेत. आतल्या पानात त्या विषयाची वेगळी, भरीव माहिती असेल, तरच त्या पानाला स्वतंत्र जागा मिळे. याहूची यादी २०१४ अखेर आणि डीमॉज २०१७ साली बंद झाली. त्यांचा धडा मात्र आजही खरा आहे.

म्हणून आम्ही ठरवलंय: प्रत्येक पानाला स्वतःचं नाव आणि त्यात वस्तीचं नाव, म्हणजे 'अभ्यासिका, घाटकोपर पूर्व'. पानावर पत्ता, वेळ, जागा किती, फी आहे की नाही, हे सगळं. मग अभ्यासिका शिक्षणाच्या सदरात, वाचनालय ग्रंथालयांच्या सदरात नोंदवायचं. सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक यादी, तिला साईटमॅप म्हणतात, ती गूगलला द्यायची. यादी दिली म्हणजे पान दिसेलच अशी हमी नाही. पण पान आहे, हे तरी कळतं.

एक मात्र करायचं नाही. तोच मजकूर नाव बदलून चार ठिकाणी घुसडायचा नाही. एकानं चार नावांनी हजेरी लावली, तर पकडल्यावर खरी हजेरीही जाते.

तेव्हा ज्यांच्या घरची मुलं कॉम्प्युटर शिकली आहेत, त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावं. सुरुवात अभ्यासिकेच्या पानापासून करू. पुढच्या मार्चात आपल्या वस्तीतल्या एकाही लेकराला जागा शोधत फिरावं लागू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!