तीन पावले पुढे, तीन पावले मागे



ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शहापूर-मुरबाडकडे, मी काही वर्षे शिक्षकी केली. तेथील एका गावदेवीच्या देवळापाशी पाहिलेला प्रसंग प्रथम सांगतो. भर उन्हात एक म्हातारी आली. तिने वहाणा दूर ठेवल्या, पदर सारखा केला, उंबऱ्यावर मस्तक टेकले. आणि मग बैठक मारून ती देवीशी चक्क भांडू लागली! "तुला डोळे नायत का गं? नातू माझा अंथरुणाला खिळलाय, नि तू गप बसलीस?" भांडण सरल्यावर तिने पुनश्च मस्तक टेकले आणि देवीला पाठ न दाखविता ती मागल्या पावलांनी निघून गेली.

माझ्या शिकलेल्या मनाला तेव्हा हा विसंगतपणा वाटला. ज्याच्यापुढे नमावयाचे, त्याच्याशीच भांडावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे त्याच जिल्ह्यात, परंतु निराळ्याच धर्माच्या उपासनेत सापडले. ठाणे शहरात बेने इस्राएल समाजाचे 'शाआर हाशामाइम' म्हणजे 'स्वर्गद्वार' नावाचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ सालचे. हे यहुदी लोक शतकानुशतके कोकणात राहिले. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. जी थोडी राहिली, त्यांत माझे एक स्नेही होते.

त्यांच्या धर्मात ईश्वराचा धाक मोठा. त्याचे चार अक्षरी नाव ग्रंथात लिहिलेले असते, पण उच्चारावयाचे नाही. त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असे वाचावयाचे. मूर्ती तर नाहीच. परंतु याच धर्मात आज्ञापालनाच्या वेळी म्हणावयाच्या आशीर्वचनांची रचना पाहा. आरंभी ईश्वराला समोरासमोर 'तू' म्हणून हाक मारलेली असते, आणि त्याच वाक्यात पुढे त्याच्याविषयी 'तो' असे बोलले जाते. उपासक एका श्वासात जवळ जातो आणि लगेच अदबीने दूर सरतो.

जे वाक्यात, तेच देहाच्या हालचालीत. 'आमिदा' नावाची मुख्य प्रार्थना उभ्याने, यरुशलेमच्या दिशेस, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेस, तोंड करून म्हणतात. प्रारंभी तीन पावले पुढे यावयाचे, आणि अखेरीस राजाचा निरोप घ्यावा तशी तीन पावले मागे घ्यावयाची.

ही प्रार्थना ओठ हलवून, पण अगदी हलक्या आवाजात म्हणतात. ही रीत कोणापासून घेतली? त्यांच्या धर्मशास्त्रज्ञांनी ती एका दुःखी स्त्रीपासून घेतली. हन्ना निपुत्रिक होती. शिलो येथील देवस्थानात ती रडत, पुटपुटत उभी राहिली, तेव्हा एली नावाच्या याजकाला ती मद्यप्राशन केलेली वाटली! ज्या आक्रोशाला देवस्थानच्या अधिकाऱ्याने बेअदबी मानले, तोच पुढे अदबीच्या प्रार्थनेचा आदर्श ठरला. धाक आणि जवळीक या दोन परस्परविरुद्ध वस्तू नव्हेत, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

माझ्या स्नेह्यांच्या घरी एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ मलिदा होई. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असा तो थाट. नवस फेडताना, शुभकार्याच्या वेळी तो करीत. एकदा मी विचारले, "नवस म्हणजे देवाशी सौदाच नव्हे काय?" ते म्हणाले, "मास्तर, मागण्यात सौदा नाही. मिळाले नाही म्हणून उद्या प्रार्थनेस उभे राहावयाचे नाही असे ठरविले, की तो सौदा झाला."

त्या उत्तराचा अर्थ मला पुढे स्वतःच्या घरी आजारपण आले, तेव्हा उमगला. देवघरापुढे मी हात जोडून उभा होतो, सर्व स्तोत्रे मुखोद्गत होती, आणि मनातला एक शब्दही ओठांवर येईना. मी आयुष्यभर देवाला नमस्कार केला होता; त्याच्याशी बोललो मात्र नव्हतो. त्या रात्री मला ती मुरबाडकडची म्हातारी आठवली.

आपली मराठी वडिलांना 'तुम्ही' म्हणते; आईला आणि देवाला मात्र 'तू' म्हणते. ते 'तू' आपल्याला वारशाने मिळाले आहे. वहाणा बाहेर ठेवाव्या, मस्तक लववावे. पण त्यानंतर मुके राहू नये. मनातले सारे सांगून झाले, म्हणजे तीन पावले मागे घेण्यास आपण मोकळे आहोत.