धूळ जिथे उठते तिथेच



सोलापुरात 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली आणि गावाला भोंग्यावर उठायची सवय लागली. माझे अब्बा इथल्याच एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पाळी संपवून घरी आले की टोपीवर, भुवयांवर पांढरे तूस असायचे. आम्ही मुले हसायचो, "अब्बा म्हातारे झाले!" साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी मात्र त्यांची छाती आवळून यायची. "कामाची हवा आहे, जाईल," म्हणायचे. ती गेली नाही. पुढे कळले, कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला बिसिनोसिस म्हणतात आणि सुटीनंतर छाती आवळणे ही त्याची ठळक खूण आहे.

हे आज आठवायचे कारण माझा भाचा. त्याने अक्कलकोट रस्त्याला फर्निचरचा छोटा कारखाना टाकला. गेल्या पावसाळ्यात तिथे गेलो, तर त्याच्या भुवया अगदी अब्बांसारख्या. फक्त रंग पिवळट. खोकतच म्हणाला, "मामू, इत्ती धूल तो काम में रहतीच." लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली दिला, हे मी त्याला सांगितले. तो गप्प झाला.

धूळ ओढायचा पंखा त्याच्याकडे होता. पण त्याला जोडलेली प्लास्टिकची नळी वळ्यावळ्यांची, लांबलचक आणि जागोजागी काटकोनात मुडपलेली. पंखा गरजायचा, धूळ जागेवरच. शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या पत्रेवाल्या उस्तादांना बोलावले. ते म्हणाले, "हवा पाण्यासारखी असते. एकदम वळवली की अडते."

त्यांनी आधी खडूने जमिनीवर नकाशा काढला. सगळ्यात जास्त भुसा पाडणारे यंत्र पंख्याच्या जवळ घेतले. मुख्य नळ जस्ताच्या पत्र्याचा, आतून गुळगुळीत. प्रत्येक यंत्राची फांदी त्याला काटकोनात नाही, तर हवेच्या दिशेने तिरपी, 45 अंशांत जोडली. नळाचे चुण्या पाडलेले टोक हवा जाते त्या बाजूला ठेवले, म्हणजे सांध्याच्या कडेला भुसा अटकत नाही. सांधे बंद केले, नळाला अर्थिंगची तार दिली आणि प्रत्येक फांदीला एक सरकती झडप बसवली. जे यंत्र चालू, त्याचीच झडप उघडी. लाकडाचा भुसा नळात खाली न बसता वाहत राहायला हवेला सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेग लागतो. सगळ्या झडपा उघड्या टाकल्या, तर लहान पंख्याला तो पेलत नाही.

काम संपल्यावर उस्तादांनी खिशातून सुताचा एक धागा काढला. पंखा चालू करून तो एकेका सांध्याजवळ धरत गेले. दोन ठिकाणी धागा आत ओढला गेला. तिथे गळती होती. ती बुजवली. सुताचा तो धागा पाहून मला अब्बा आठवले.

मंडळी, धूळ जिथे निर्माण होते, तिथेच शक्य तितक्या जवळ ओढून घ्यावी, हे काही नवे ज्ञान नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 14 मध्ये ते स्पष्ट लिहिले होते. अब्बांची सगळी नोकरी त्यानंतरची. कायदा कागदावर होता, धूळ छातीत होती.

आज आपल्या गल्लोगल्ली लाकडाचे, मागाचे लहान कारखाने आहेत. नवे यंत्र घेताना आपण कर्ज काढतो. पत्र्याच्या नळाचा खर्च मात्र 'पुढच्या वर्षी' म्हणून ढकलतो. तोंडावर रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. जी डोळ्यांना दिसत नाही, तीच खोलवर जाते.

भाच्याचा खोकला पुरता गेलेला नाही. पण परवा घरी आला, तेव्हा त्याच्या भुवया काळ्या होत्या. अम्मीने त्या बोटांनी चाचपून पाहिल्या आणि काही न बोलता आत चहा ठेवायला गेली.